आत्याचा दोर

माझी आत्या वर्तमानपत्र धुऊन वाचायची. अगदी बादलीत बुडवून नव्हे, पण तांब्यातून चार शिंतोडे मारून, वलणीवर वाळत घालून. कुठल्या हातांतून आलंय कोण जाणे, असं तिचं म्हणणं. त्यामुळे धुळ्याच्या त्या घरात जगातली प्रत्येक बातमी दुपारी बारानंतर पोचायची आणि शाई पसरलेली असायची. एकदा वडील म्हणाले, "अक्का, अगं बातम्यांना कसला आलाय विटाळ?" त्यावर ती म्हणाली, "बातम्यांना नाही रे. कागदाला."

लाकूडफाटासुद्धा ती धुऊन घ्यायची आणि मग चूल पेटत नाही म्हणून लाकूडवाल्याला शिव्या द्यायची. डाळ, गूळ, पेन्सिली, सगळ्यांवर पाणी फिरायचं. माझ्या कंपासपेटीतला कर्कटक तिच्यामुळे गंजला. या गोष्टी मी मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या हसतात. मीही हसते. पण त्या घरात राहत असताना मी फारशी हसले नाही. मला तिची भीती वाटायची.

वडील चाळीसगावला रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला होते. आई सतत आजारी, म्हणून मला शिकायला धुळ्याला आत्याकडे ठेवलं. आत्या विधवा, मूलबाळ नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे परस. परसात आड. त्या आडाचं पाणी कधी आटत नाही अशी त्याची ख्याती, आणि त्याच्या दोराला आत्याशिवाय कोणी हात लावायचा नाही असा नियम.

"पाणी सगळ्यांना, दोर कोणालाच नाही," असं ती म्हणायची, आणि तसं वागायची. दारात आलेल्या माणसाला ती पाण्याला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. भर दुपारी जेवताना कोणी हाक मारली तरी उठायची. स्वतः पोहरा सोडायची, स्वतः ओढायची. रहाटाला रोज सकाळी एरंडेल घालायची, तरी तो कुरकुरायचाच. तीन ओढी आणि एक थांबा, तीन ओढी आणि एक थांबा. त्या आवाजावरून घरात कुठेही बसून कळायचं की आत्या आडावर आहे.

"मी कोणात फरक करत नाही," हे तिचं आवडतं वाक्य होतं. "शेठाणीला तरी देते का दोर? नाही ना?"

हे खरं होतं, पण अर्धंच. शेजारच्या शेठाणी काकूंचा हंडा आडाच्या कठड्यावर ठेवून भरला जायचा. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बायकांच्या घागरी खाली धोंड्यावर ठेवायला लागायच्या, त्या बायका चार पावलं मागे सरकायच्या, आणि आत्या हातभर उंचीवरून पाणी ओतायची. अरुंद तोंडाच्या घागरीत, थेंब न सांडता. याचा तिला अभिमान होता. ओतताना शिंतोडे मात्र तिच्याच अंगावर उडायचे. दुपारपर्यंत तिच्या लुगड्याच्या निऱ्या ओल्या असायच्या.

फरक खरा कसा होता ते मला दहाव्या वर्षी कळलं. एकदा शेठाणी काकूंनी घाईत स्वतःच पोहरा ओढला. आत्या रागावली, दोन दिवस बोलली नाही, संपलं. त्याच वर्षी परसाची भिंत बांधायला आलेल्या गवंड्याने, आत्या देवपूजेत होती म्हणून, हाक न मारता पोहरा सोडला आणि ओंजळीने पाणी प्यायला. तो नाल्यापलीकडचा होता. आत्याने बाहेर येऊन ओला दोर पाहिला. ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "तू प्यायलास ते बरं झालं. तहान लागते. आता जा."

मग तिने दोन माणसं लावून आड उपसला. दोन दिवस पाणी गल्लीतून वाहत होतं. तळ दिसला, तळातला गाळ काढला, गोमूत्र शिंपडलं, तापीचं पाणी कोणाकडून तरी मागवून ओतलं, दोर जाळला. ठेकेदाराने गवंड्याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली आणि कामावरून काढलं. आत्याने त्याच्या घरी वाढून डबा पाठवला. दोर जाळणं आणि डबा पाठवणं, दोन्ही गोष्टी तिने एकाच दिवशी, सारख्याच मनापासून केल्या. मी जळणाऱ्या दोराचा वास घेत उभी होते आणि एवढंच ठरवत होते की आपण आयुष्यात कधी या आडाच्या जवळ जायचं नाही.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा मी बारा वर्षांची होते. पांझरेच्या पात्रात वाळूशिवाय काही उरलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा, पण नाल्यापलीकडे जायला रस्ताच नव्हता. वस्तीची विहीर कोरडी पडली होती. त्या बायकांसाठी आत्याचा आड तेवढा होता, आणि त्यातही सकाळी पंधरा-वीस घागरींपुरतंच पाणी जमायचं. दोर दोन ठिकाणी गाठी मारून वाढवावा लागला होता. आत्या पंचावन्नच्या पुढची. तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. वडील येऊन म्हणाले, "अक्का, त्यांच्यातल्या दोघी तरण्याताठ्या आहेत. त्यांना ओढू दे की!"

"आणि मग आड उपसू?" आत्या म्हणाली. "या दिवसांत?"

वडील चपला घालून निघाले. मी मात्र ते वाक्य धरून ठेवलं. म्हणजे कोणी दोराला हात लावला तर ती उपसणार. दुष्काळ असो नसो. पंधरा-वीस घरांचं पाणी गल्लीतून वाहून जाणार.

वस्तीतून येणाऱ्यांत सुमनची आई होती. सुमन माझ्याच वर्गात, माझ्या मागच्या बाकावर. शाळेत आम्ही एकमेकींशी खूप बोलायचो आणि परसात ओळख दाखवायचो नाही. तसं कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीच ठरवलं होतं, किंवा मीच ठरवलं होतं.

उन्हाळ्याची सकाळची शाळा सुरू झाली होती. एके दिवशी अकराच्या सुमारास घरी आले तर आत्या मधल्या खोलीत जमिनीवर आडवी. अंग तव्यासारखं तापलेलं. परसातला धोंडा ओला होता, आमचे दोन्ही हंडे काठोकाठ भरलेले होते, बायका निघून गेल्या होत्या. म्हणजे सगळं पाणी देऊन मगच ही आडवी झाली, असं मी समजले. तिच्या डोक्याखाली उशी सरकवताना लुगड्याला हात लागला. कोरडं होतं. बदललं असेल, असं वाटलं.

डॉक्टर येऊन गेले. उन्हाची झळ आणि छातीत कफ, असं काहीतरी सांगितलं, आणि उठायचं नाही म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवली. सकाळी परसात घागरींचा आवाज आला तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू ओढ, पोरी. दोर कोणाला देऊ नको."

मी ओढायला गेले. आड किती खोल आहे ते वरून बघणं वेगळं आणि त्याच्या तळातून भरलेला पोहरा वर आणणं वेगळं. पहिला पोहरा अर्ध्यावर आला आणि दोर हातातून सरसर निघून गेला, तळहाताची साल घेऊन. दुसऱ्या वेळी पोहऱ्याने मलाच कठड्याकडे ओढलं. पोट कठड्यावर आपटलं आणि मला खाली काळं, गोल, लहानसं पाणी दिसलं. बायका चार पावलं मागे उभ्या होत्या. एकही पुढे आली नाही. त्यांनी गवंड्याचा प्रकार पाहिला होता.

मग सुमनची आई पुढे आली. माझे हात केवढेसे आहेत ते तिने पाहिलं. "सरक. तुना हात कितला शेत? मरी जाशी."

"नको," मी म्हणाले. "आत्या आड उपसेल."

"दे आठे," ती म्हणाली, आणि दोर घेतला.

तिने पोहरा सोडला, पाण्यावर एक झटका देऊन बुडवला, आणि ओढला. दुसरी गाठ कठड्याशी आली की दोर आखडून धरावा लागतो, नाहीतर तो रहाटावरून सुटतो. हे आत्यालाच माहीत असायचं. सुमनच्या आईने न बघता आखडला. मला त्याचंही नवल वाटलं नाही. माझे कान घराकडे होते. कारण सुमनची आई मध्ये थांबत नव्हती. तीन ओढी आणि एक थांबा नाही. रहाट एका दमात, एका लांब आवाजात वाजत होता, आणि मधल्या खोलीची खिडकी उघडी होती.

पाणी भरून झाल्यावर तिने धोंड्यावर पाणी टाकून आपल्या पावलांचे ठसे धुतले. "कोनले सांगानं नही," ती सगळ्यांना म्हणाली. कोणी मान हलवली, कोणी नुसती घागर उचलली. सुमन गल्लीच्या तोंडाशी पहाऱ्याला उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

आत गेले तर आत्या जागी होती.

"कोणी ओढलं?"

"मी."

ती कुशीवर वळली. "पाणी दे," म्हणाली.

मी पेला भरून दिला. त्याच पाण्याचा. दुसरं कुठलं आणणार होते? ती पीत होती आणि मी तिच्या गळ्याकडे बघत होते, घोट घोट खाली उतरताना. त्या संध्याकाळी तिचा ताप वाढला.

पुढचं सांगायला मला आजही बरं वाटत नाही. मला वाटलं, त्या पाण्यानेच वाढला. मला कोणी असं शिकवलं नव्हतं. शाळेत मी उलटंच लिहीत होते, सगळी माणसं समान आहेत यावर दहापैकी आठ गुण मिळवत होते. तरीही मी अंधाऱ्या स्वयंपाकघरात माठापाशी बसून खात्रीने समजत होते की बाटलेलं पाणी पाजून मी आत्याला मारते आहे. सुमनच्या आईचा हात लागला म्हणून. ज्या बाईने मला आडात पडण्यापासून वाचवलं, तिच्या हाताची मला भीती वाटत होती. आत्याचा सगळा वेडेपणा मी बाहेरून बघते आहे असं समजत होते, आणि तो केव्हाच माझ्या अंगात मुरला होता.

वडलांना कळवायला पाहिजे होतं. कार्ड लिहून दप्तरात ठेवलं होतं. पण ते येणार, सकाळी परसात जाणार, बघणार. कार्ड दप्तरातच राहिलं. आत्या मेली तर मी मारली, आणि सांगितलं तर आड उपसणार, वस्ती पाण्यावाचून राहणार, सुमनच्या आईचं त्या गवंड्यासारखं होणार. असे नऊ दिवस काढले. रोज सकाळी रहाट एका दमात वाजायचा, रोज आत्या विचारायची, "कोणी ओढलं?" आणि मी म्हणायचे, "मी." रोज मला वाटायचं की आज ती माझा हात धरून तळवा बघेल.

सहाव्या दिवशी मी शेजारच्या गच्चीकडे पाहिलं तर शेठाणी काकू उभ्या होत्या. पापड वाळत घालत होत्या. किती वेळ उभ्या होत्या माहीत नाही. त्या दिवसापासून त्यांचा हंडा आमच्याकडे आला नाही. त्या टँकरच्या रांगेत माणूस पाठवायला लागल्या.

आठव्या दिवशी त्या आत्याला बघायला आल्या. मी दाराआड उभी राहिले. भिंतीला टेकले.

"अक्का, बुरा मानू नका," काकू म्हणाल्या. "पण तुम्ही इकडे पडलेल्या, आणि तिकडे आडावर काय चाललंय, तुम्हाला खबर आहे का?"

"काय चाललंय?"

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती नाल्यापलीकडची..."

"माझी भाची ओढते," आत्या म्हणाली.

"अक्का, ती पोर केवढी, आणि आड केवढा..."

"मला रहाटाचा आवाज ऐकू येतो, काकू. ताप डोक्यात आहे, कानात नाही. माझी भाची ओढते."

काकू उठल्या. मग काकू पापडांची चौकशी केल्यासारखं म्हणाल्या, "ओढत असेल. हिंमतवाली आहे." आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा हंडा परत आला.

मी दाराआडच खाली बसले. सुटले, असं वाटलं. आत्या वाचली, आड वाचला, वस्ती वाचली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला असं मी समजले. रहाटाचा आवाज तिला ऐकू येतो म्हणजे काय ऐकू येतं, हा विचार करण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती.

त्यानंतर आत्या उठली. गल्लीत बातमी पसरली की अक्काच्या भाचीने, बारा वर्षांच्या पोरीने, नऊ दिवस एकटीने वस्तीला पाणी पाजलं. आत्याने मला फ्रॉकसाठी कापड आणलं, पिवळं, बारीक फुलांचं. मी ते घेतलं. शिवून घातलंसुद्धा. शाळेत बाईंनी मला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. सुमनने टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत तिने माझा हात उलटा केला, तळवा पाहिला आणि सोडून दिला.

"तुला फोड नाहीत," ती म्हणाली. "आईला आहेत."

त्यानंतर ती दुसऱ्या बाकावर बसायला लागली. आमचं बोलणं संपलं.

लोक विचारतात, मग आत्यात काही बदल झाला का? नाही. ती परत आडावर उभी राहिली. सुमनची आई घागर धोंड्यावर ठेवून चार पावलं मागे सरकली. आत्याने हातभर उंचीवरून पाणी ओतलं, थेंब न सांडता. दोघींपैकी कोणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. मी तिथेच उभी होते आणि मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की पाणी मिळणं आणि दोर हातात असणं या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे. आत्याच्या मनात दया खूप होती. पण दया वरून ओतायची असते आणि खालच्याने मागे सरकून ती घ्यायची असते. हे मला दिसलं आणि मी गप्प राहिले, कारण मी कठड्याच्या वरच्या बाजूला होते आणि अंगावर पिवळा फ्रॉक होता.

सात वर्षांनी आत्या गेली. तोवर गल्लीत आणि वस्तीतही नळ आले होते, आडावर फरशी टाकली होती. दोर मात्र तिने शेवटपर्यंत खुंटीला टांगून ठेवला होता, आणि पेपर धुणंही सोडलं नव्हतं. चौदाव्याचं जेवण होतं. मी एकोणीस वर्षांची, जळगावला कॉलेजात. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले होते. आत्याचे दीर, नाना, आठवणी सांगत होते. पेपरची झाली, लाकडांची झाली, सगळे हसले. मग नाना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ही! दुष्काळात अक्का पडली तेव्हा या पोरीने नऊ दिवस आड ओढला. अक्काचंच रक्त!"

शेठाणी काकू समोर बसल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला. परसाच्या दारात दोन-तीन बायका बसायला आल्या होत्या, वस्तीतल्या, आत न येता. त्यांत सुमनची आई होती. केस पांढरे झाले होते.

मला परत बारा वर्षांची, दाराआड उभी असल्यासारखं वाटलं. आत्या तर उरली नव्हती. आड उपसायला कोणी नव्हतं. मग आता कशाची भीती होती? माझी मलाच लाज वाटली.

"नाना, मी नाही ओढलं," मी म्हणाले. "एक पोहरासुद्धा नाही. सुमनच्या आईने ओढलं. नऊच्या नऊ दिवस. आत्या ते पाणी प्यायली. तुमच्यातले गल्लीतले जे भेटायला आलात, तेही प्यायलात."

एका पाहुण्याने हातातला पेला खाली ठेवला, मग आपण काय केलं ते लक्षात येऊन परत उचलला, पण प्यायला नाही. नाना म्हणाले, "बाळ, आजच्या दिवशी कशाला हे? अक्काला काय वाटेल?" एक मामी माझ्या पाठीवरून हात फिरवत इतरांना सांगायला लागली, "पोर दमली आहे हो. लळा होता तिला."

म्हणजे त्यांनी तेही माझ्या दुःखात घालून मिटवलं. मला तोंड वर करवेना.

तेवढ्यात परसाच्या दारातून आवाज आला. मोठा नव्हता.

"नऊ नही, माय. दहा."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. सुमनची आई उठून उभी राहिली होती. उंबऱ्याच्या बाहेरच.

"पहिला दिन तू शाळामा व्हती. अक्काले घेरी उनी. पोहरा अर्धामा व्हता. दोर तिनीच मना हातमा दिन्हा, आन् बोलनी, गाठ उनी का आखडी धर."

ती पायात चप्पल घालून फरशी टाकलेल्या आडावरून निघून गेली. नाना माझ्याकडे बघत होते, अक्काने स्वतःच दोर दिला का, असं विचारायचं असल्यासारखे. मी त्यांना काय सांगणार होते? त्या दुपारी मी आत्याच्या डोक्याखाली उशी दिली होती. लुगडं कोरडं होतं.